उभ्या गाडीचा दोष

‘निदान’ या शब्दाचे आपल्या भाषेत मोठे गमतीचे झाले आहे. वैद्याच्या तोंडी तो आला की त्याचा अर्थ रोगाचे मूळ. आणि आईच्या तोंडी आला की ‘एवढे तरी’. ‘निदान पोचल्याचे तरी कळव’, ‘निदान दिवाळीला तरी ये’. मूळ कारण आणि किमान अपेक्षा हे दोन अर्थ एका शब्दात कसे नांदू लागले ते व्युत्पत्तीच्या जाणकारांनी सांगावे. मला ते दोघे एकत्र भेटले एका जुन्या मोटारीपाशी. आणि त्यांच्यामागोमाग जो प्रश्न आला तो अजून मनातून गेलेला नाही. काही केल्यामुळे जे बिघडते त्याचा दोष शोधणे सोपे असते. पण काहीच न केल्यामुळे जे बिघडते त्याचा दोष कुठे शोधायचा, आणि द्यायचाच झाला तर कोणाला? आपल्याकडे दोष शोधतात आणि दोष देतातही. क्रियापद बदलले की ते उच्चारणाऱ्याचा चेहराही बदलतो.

चालत्या यंत्राचा बिघाड स्वभावाने सरळ असतो. राज्य परिवहनाची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुण्याहून निघाली ती आमच्या नगरलाच आली. (गावाचे नाव २०२४ पासून अहिल्यानगर झाले आहे, आम्हा जुन्या माणसांच्या जिभेवर अजून नगरच येते.) बेडफर्ड बनावटीची, तीस आसनांची ती गाडी. तेव्हापासून त्या रस्त्यावर किती गाड्या बंद पडल्या असतील याची गणती नाही. तथापि बंद पडलेल्या प्रत्येक गाडीपाशी एक वाक्य हमखास उभे असते: ‘शिरूर सोडले आणि आवाज यायला लागला.’ ‘चढ लागला नि वास आला.’ वेळ असते, जागा असते, साक्षीदार तर तीस असतात. मुंबईच्या काळ्यापिवळ्या फियाट टॅक्स्या पाहा. प्रीमियरच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून आधी डिलाइट आणि पुढे पद्मिनी या नावाने निघालेल्या या गाड्या दिवसरात्र धावल्या, हजारदा बिघडल्या, हजारदा दुरुस्त झाल्या. त्यांतल्या शेवटच्या टॅक्सीची वीस वर्षांची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली आणि ती रस्त्यावरून उतरली. तिला नियमाने थांबवले. इंजिनाने हात टेकले नव्हते.

उभ्या गाडीच्या बिघाडाला मात्र तारीखही नसते आणि साक्षीदारही नसतो. लावली तेव्हा चालू होती, काढायला गेलो तेव्हा बंद. मधल्या काळात काय झाले? काही नाही. हे ‘काही नाही’ फार लबाड असते.

माझे मामा नगरच्या कोर्टात वकील होते. त्यांची फियाट १९६८ सालची. पुढची दारे उलट्या बाजूने उघडणारी, गिअरचा दांडा स्टिअरिंगपाशी. नव्या गाडीसाठी नंबर लावून वर्षानुवर्षे थांबावे लागे अशा दिवसांत त्यांनी ती एका डॉक्टरांकडून जुनी घेतली आणि पुढे पस्तीस वर्षे वापरली. दर रविवारी सकाळी मामींना शेजारी बसवून ते एक फेरी मारीत. कधी डोंगरगणला जात, कधी नुसतेच गावाबाहेरच्या रसवंतीपर्यंत. मामा २०१० साली गेले. थोरला मामेभाऊ पुण्याला, धाकटा नाशिकला; मामी वाड्यात, वरच्या मजल्यावर. मुलांनी गाडी दिंडीच्या आत पत्र्याच्या शेडखाली नीट लावली, वर जाड कापड घातले आणि बाबांच्या गाडीला कोणी हात लावायचा नाही असे ठरवून टाकले. धाकट्याच्या मनात एकदा ती विकावी असे आले होते. थोरल्याने ते होऊ दिले नाही. दर दसऱ्याला त्या कापडावरच झेंडूची माळ घातली जाई.

याला हेळसांड म्हणायला माझी जीभ धजत नाही. प्रेमाने झाकून ठेवलेली वस्तू होती ती. पंधरा वर्षांनी, २०२५ च्या उन्हाळ्यात, थोरल्याच्या मुलाचे लग्न ठरले आणि वरात पणजोबांच्या वाड्यातून, आजोबांच्या गाडीतून काढायची अशी टूम निघाली. तेव्हा कापड काढले गेले.

कापडाखाली पंधरा वर्षे काय चालले होते ते अंमळ सविस्तर सांगण्याजोगे आहे. पेट्रोल हे एक द्रव्य नसून पुष्कळ द्रव्यांचे मिश्रण आहे. त्यातले हलके ते आधी उडून जाते. उरते ते हवेतल्या प्राणवायूशी संयोग पावून दाट होते, त्याचा डिंक होतो, आणि हा डिंक कार्बोरेटरच्या जेटमध्ये जाऊन बसतो. जेटचे भोक जेमतेम मिलिमीटरभर. त्याला बुजायला असा किती डिंक लागणार? अर्धवट रिकाम्या टाकीत दमट हवा शिरते, रात्रीच्या गारव्याने आतल्या पत्र्यावर दव धरते, ते पाणी पेट्रोलपेक्षा जड असल्यामुळे तळाशी उतरते आणि टाकी आतून गंजू लागते. डिस्ट्रीब्यूटरमधले पॉइंट चालत्या गाडीत एकमेकांवर आपटून आपली तोंडे स्वच्छ ठेवतात. उभ्या गाडीत त्यांच्यावर पांढुरका थर चढतो. बॅटरीच्या शिशाच्या पट्ट्यांवर सल्फेटचे खडे धरतात. चार सिलिंडरांपैकी कुठल्या तरी एकाची झडप उघडी राहिलेली असतेच. तिच्यातून ओल आत जाते आणि पिस्टनच्या रिंगा भिंतीला धरतात. ब्रेकचे तेल हवेतले पाणी पीत बसते. टायर एकाच जागी टेकून चपटे होतात. उंदरांना एअर क्लीनर विशेष आवडतो, कारण गादी त्यात आधीच घातलेली असते.

आता तर जुन्या गाड्यांच्या या दुखण्यात आमच्या जिल्ह्याचाही थोडा हातभार लागतो. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या खटपटीने प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला त्याला पाऊणशे वर्षे झाली. त्याच्या पाठोपाठ जिल्हाभर धुराडी उठली, आणि आज उसापासून निघणारे इथेनॉल देशातल्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत मिसळले जाते. इथेनॉल पाणी ओढून घेते आणि जुन्या गाड्यांच्या रबराला ते मानवत नाही. ज्या उसाने जिल्ह्यातल्या कितीतरी दारांत मोटारी आणून उभ्या केल्या, तोच आता म्हाताऱ्या मोटारींच्या पंपाचा पडदा खराब करतो. असो, हा वेगळ्या लेखाचा विषय.

मला सांगायचे आहे ते एवढेच की त्या पंधरा वर्षांत गाडी सोडून बाकी सगळे आपापल्या कामाला लागलेले होते.

भिंगारचे एक मिस्त्री बोलावले. साठी उलटलेले, बोलणे थोडे. त्यांनी पहिली गोष्ट केली ती ही की गाडीची किल्ली मागून घेतली आणि स्वतःच्या खिशात टाकली. घरातल्या प्रत्येकाला एकदा सेल्फ मारून पाहायची घाई झालेली होती. “आधी हलती का बघू, मग चालती का बघू,” मिस्त्री म्हणाले. चारही प्लग काढून त्यांनी भोकांतून थोडे थोडे तेल सोडले आणि उद्या येतो म्हणून चालते झाले. दुसऱ्या दिवशी गाडी टॉप गिअरमध्ये घालून मागून बोट बोट ढकलली. पुढचा फॅन हलला. इंजिन धरलेले नव्हते. तेव्हा कुठे नवी बॅटरी आली. प्लग वायरला लावून बॉडीवर टेकवला, सेल्फ दिला, ठिणगी नाही. बारीक पॉलिश पेपरने पॉइंट घासले. निळी ठिणगी आली. मग कार्बोरेटरच्या तोंडात चमचाभर पेट्रोल ओतले. इंजिन एकदम गुरगुरले, चार श्वास घेतले आणि थांबले. आम्ही हळहळलो, मिस्त्री खूश झाले.

त्यांच्या त्या आनंदाचा अर्थ आयुर्वेदात सापडतो. माधवकराचे ‘माधवनिदान’ रोग ओळखण्याची जी पाच साधने सांगते त्यांत चौथे आहे उपशय. लक्षणे बुचकळ्यात टाकणारी असली तर एखादे औषध किंवा पथ्य देऊन पाहायचे, आणि रोग्याला त्याने बरे वाटते की त्रास वाढतो यावरून रोग ओळखायचा. औषध इथे बरे करण्यासाठी दिलेले नसते. तो रोगाला विचारलेला प्रश्न असतो. चमचाभर पेट्रोलावर इंजिन पेटले याचा अर्थ ठिणगी ठीक आहे, दाब ठीक आहे. अडले आहे ते पेट्रोल येण्यात. एका चमच्याने अर्धे इंजिन निर्दोष सुटले.

कार्बोरेटर उकलून धुतला. बोनेटखाली पेट्रोलची बाटली सलाइनसारखी टांगली आणि तिची नळी थेट कार्बोरेटरला जोडली. गाडी अर्धा दिवस सुरेख चालली. टाकी उतरवून आतला गंज काढला, पंपाचा पडदा बदलला, सगळे पुन्हा जोडले. गाडी दहा मिनिटे चालली आणि बंद पडली. थोड्या वेळाने लागली. पुन्हा दहा मिनिटांनी बंद.

येथून पुढे जे झाले ते कुठल्याही मराठी घरात रोग्याच्या खाटेभोवती होते तेच. थोरला म्हणाला, कॉइल तापते. धाकटा म्हणाला, पंप नवा टाका, पडद्याने भागायचे नाही. नवरदेवाने फोनवर कुठलेसे चित्रण पाहून कंडेन्सर असे निदान केले. लग्न नऊ दिवसांवर आलेले. शेवटी सगळ्यांचे एकमत झाले की सगळेच बदलावे. मिस्त्री ऐकेनात. एका वेळी एकच वस्तू बदलायची हा त्यांचा नेम होता. “दोन औषधं एकदम दिली तर गुण कशाचा आला ते कळत नसतं. आणि नाही आला तर मग काहीच कळत नसतं.” ते शेडमध्ये उकिडवे बसून राहिले. बाटलीवर अर्धा दिवस, टाकीवर दहा मिनिटे. कॉइल तापून दगा देत असती तर ती बाटलीवरही दिली असती. पुढच्या वेळी गाडी बंद पडताच ते उठले, मागे गेले आणि टाकीचे झाकण फिरवले. सुस्स असा आवाज झाला. झाकण उघडे ठेवून गाडी लावली. ती चालतच राहिली.

टाकीतून जितके पेट्रोल बाहेर जाते तितकी हवा आत यावी लागते. नाही आली तर आत पोकळी होते आणि पंप कितीही ओढो, पेट्रोल येत नाही. त्यासाठी एक बारीक नळी असते. तिच्या बाहेरच्या तोंडात कुंभारीण माशीने चिखलाचे घर बांधून ठेवले होते. वाटाण्याएवढे, पक्के वाळलेले. तारेने ते टोकरून काढायला पाच मिनिटे लागली.

खरी अडचण त्यानंतर सुरू झाली, कारण संध्याकाळी चहाच्या वेळी दोषाचे क्रियापद बदलले. “तू विकू दिली असतीस तर कोणीतरी वापरली असती,” धाकटा म्हणाला. “तू वर्षातून दोनदा येतोस, कधी कापड तरी उचललंस?” थोरला म्हणाला. पंधरा वर्षांतल्या पुष्कळ गोष्टी त्या टाकीतून बाहेर आल्या. दवाखान्याची बिले, वाड्याचा कर, कोणाच्या बायकोने काय म्हटले ते. अखेर थोरल्याने मिस्त्रींनाच पंच केले: “तुम्हीच सांगा, चूक कोणाची?” मिस्त्री हात पुसत म्हणाले, “कुठं ते मी सांगितलं. कोणाची ते बिलात येत नसतं, भाऊ.”

त्या उत्तरावर मी पुष्कळ विचार केला आहे. दोष देणे सुरू झाले की दोष शोधणे थांबते, हे तर उघड आहे. भावाभावांचे ते भांडण दोन दिवस आधी झाले असते तर दोघांचेही म्हणणे खरे ठरून कुंभारणीचे घर मात्र जागच्या जागी राहिले असते. पण ‘कोणाची’ हा प्रश्नच खोटा, असे म्हणावे काय? मामा असते तर म्हणाले नसते. १८६० च्या दंडसंहितेच्या ३२ व्या कलमात ‘कृती’ या शब्दात बेकायदा अकृतीही धरलेली होती, आणि २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या न्यायसंहितेनेही तो विचार ठेवला आहे. जे करणे कायद्याने तुमच्यावर बंधनकारक होते ते न करणे हेही करणेच. मात्र आईला कोणत्या वारी भेटावे, वडिलांची गाडी किती चालवावी, याविषयी कायदा मुका आहे; आणि आपल्या आयुष्यातल्या बहुतेक न केलेल्या गोष्टी त्या मुक्या भागातच पडतात.

आपल्या शास्त्रकारांनी हा प्रश्न फार पूर्वी टोकाला नेऊन ठेवला आहे. मीमांसकांच्या बाजूचे म्हणत, नित्यकर्म केले नाही तर प्रत्यवाय लागतो, म्हणजे न करण्यातूनच दोष निपजतो. शंकराचार्यांनी गीताभाष्यात यावर हरकत घेतली. न करणे हा अभाव; अभावातून दोषासारखी भावरूप वस्तू उत्पन्न होईलच कशी? ज्या नेवाशाला शके १२१२ मध्ये ज्ञानदेवांनी गीता मराठीत आणली ते आमच्याच जिल्ह्यात आहे. कर्म आणि अकर्म या शब्दांचा तिढा मराठी माणसापुढे प्रथम पडला तो प्रवरेच्या काठी. तेव्हा पत्र्याच्या शेडखाली तो पुन्हा निघाला यात नवल नाही.

आचार्यांचे म्हणणे तर्काला पटते. नुसत्या ‘नाही’तून गंज कसा येईल? पण मला इथे नैयायिकांचा एक दृष्टांत अधिक उपयोगी वाटतो. ते म्हणतात, असा एक मणी कल्पा की तो जवळ ठेवला असता अग्नी जाळीत नाही. मणी उचलला की जाळतो. मग जाळण्याची कारणे मोजताना अग्नी, लाकूड यांच्याबरोबर ‘मणी नसणे’ हेही मोजले पाहिजे. प्रतिबंधकाचा अभाव हेही कारणच. गाडीला लावून पाहा. पेट्रोलचा डिंक व्हायला, पत्रा गंजायला, माशीला घर बांधायला कोणाची मदत लागत नाही. ती कामे जगाच्या आरंभापासून चालू आहेत. मामांचा रविवारचा फेरफटका हा मणी होता. तो उचलला गेला तो कोणाच्या हाताने नव्हे. पण पुन्हा ठेवणे हातात होते. म्हणून न करण्याचा दोष नुसता अभाव म्हणून सोडून देता येत नाही. आपण थांबतो तेव्हा बाकी कोणी थांबत नाही, एवढे त्यात उरतेच.

एक मात्र खरे की अशा दोषाची वाटणी मागे वळून करता येत नाही. कुठल्या रविवारी कोणी यायला हवे होते? पंधरा वर्षांत सातशे ऐंशी रविवार होते आणि त्यांतला एकही सुटा काढून दोषी ठरवता येत नाही. भांडणे मिटत नाहीत ती यामुळेच. पुरावा नसतो, आणि म्हणून तो मिळेपर्यंत खटला चालू राहतो. मला वाटते ‘कोणाची’ हा प्रश्न टाकून देऊ नये. फक्त त्याचे तोंड पुढे वळवावे. गंजाला पुढच्या शनिवारी ये असे सांगता येत नाही. माणसाला येते.

वरात थाटात निघाली. गाडी चितळे रोडच्या गर्दीत एकदाही बंद पडली नाही. पाहुणे पांगल्यावर पुढचे काय हा विषय निघाला. थोरल्याचे म्हणणे, आता गाडी पन्नासच्या पुढची आहे. २०२१ च्या केंद्रीय नियमाप्रमाणे तिची व्हिंटेज म्हणून नोंद करून ठेवावी. तसे केले की गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर आणता येत नाही. आदर करण्याची ही सरकारी रीत मला नेहमीच विचित्र वाटत आली आहे. आमच्या नगरला १९९४ पासून रणगाड्यांचे संग्रहालय आहे. त्यात रोल्स रॉइसच्या सिल्व्हर घोस्ट सांगाड्यावर बांधलेली एक चिलखती गाडी आहे. ती पाहताना मन भरून येते. पण तिला बिघाड नाही, कारण तिच्याकडून कोणी चालण्याची अपेक्षाच धरीत नाही. ज्याच्याकडून अपेक्षा उरली नाही त्याचे निदान कोण करणार?

व्हिंटेजचे मागे पडले. मग थोरल्याने दुसरी योजना काढली: शेजारचा मुलगा दर रविवारी येऊन दोन मिनिटे इंजिन चालू करून बंद करील. मिस्त्रींनी जोरात मान हलवली. पेट्रोल जळताना पाण्याची वाफ होते. सायलेन्सर आणि तेल चांगले तापले तर ती निघून जाते, नाहीतर आतच थंड होऊन गंज चढवते. सेल्फ मारताना बॅटरीतून जे जाते ते दोन मिनिटांत परत भरतही नाही. “दोन मिनिटं चालवायची असली तर झाकूनच ठेवा. दोन मिनिटांनी तिचं नुकसान होतं आणि तुम्हाला वाटतं आपण लक्ष ठेवलं.”

हे चालले असताना मामी वरच्या सज्जात बसून ऐकत होत्या. २०१६ साली एकदा जिन्यावर त्यांचा पाय घसरला होता. लागले काही नव्हते, पण तेव्हापासून मुलांनी त्यांना खाली उतरायची बंदी केली. स्वयंपाकाला बाई, भाजीला माणूस, देवळाची घंटा दूरून. ‘आई, तू काही करायचं नाहीस.’ हे वाक्य दर रविवारी फोनवरून दोन ठिकाणांहून येई, प्रेमाने येई, आणि दोन मिनिटांत संपे. आता त्यांना गुडघे वाकवता येत नव्हते. डॉक्टरांनी तपासून सांगितले होते की सांध्याची झीज वयाप्रमाणे आहे, आखडले आहे ते वापराविना.

आमच्या गावात माणसे झाकून ठेवण्याची एक प्रसिद्ध जागा आहे. भुईकोट किल्ल्यात ऑगस्ट १९४२ मध्ये काँग्रेस कार्यकारिणीचे बारा जण आणून ठेवले आणि मार्च १९४५ अखेरपर्यंत त्यांतले बहुतेक तिथेच होते. भेटी बंद, पुढचा भरवसा नाही. नेहरूंनी तिथली दगडगोट्यांची जमीन खणून फुलझाडे लावली आणि १९४४ मध्ये पाच महिन्यांत ‘भारताचा शोध’ लिहिला. मौलाना आझाद भल्या पहाटे उठून स्वतःचा चहा करीत आणि मित्राला लांबलचक पत्रे लिहीत. ती टाकण्याची सोय नव्हती, तरी लिहीत, आणि पुढे त्यांचे पुस्तक झाले. साऱ्या दाराखिडक्यांना कुलपे होती. फक्त ‘काही करू नका’ असे त्यांना प्रेमाने सांगणारे कोणी आत नव्हते, हे त्यांचे नशीब म्हणायचे.

मिस्त्री बिल देऊन निघाले तेव्हा मामींनी सज्जातूनच विचारले, “मग चालवायची किती?”

“निदान पंधरा दिवसांतून एकदा, आजी,” ते वर पाहून म्हणाले. “वीस-पंचवीस किलोमीटर तरी. चांगली गरम झाली पाहिजे.”

मामींनी थोरल्याकडे पाहिले नाही की धाकट्याकडे पाहिले नाही. त्या खुर्चीचे हात धरून उठल्या आणि जिन्याशी आल्या. अकरा पायऱ्या उतरायला त्यांना वीस मिनिटे लागली; धाकटा एक पायरी खाली उलटा उतरत होता, हात धरायला पुढे केलेला आणि न धरलेला. गाडीचे उलटे दार उघडून त्या आपल्या जागेवर बसल्या.

आता धाकटा महिन्याच्या पहिल्या आणि तिसऱ्या शनिवारी नाशिकहून येतो. थोरल्याला जमते तेव्हा दुसऱ्याला किंवा चौथ्याला. नाही जमले तर तो तसे आधी सांगतो, ही सुधारणा लहान नाही. मागच्या शनिवारी मामींना नेवाशाचा खांब पाहायचा होता म्हणून गाडी तिकडे नेली. संध्याकाळी मामींचा मला फोन आला. दुपारी साडेचारला, घोडेगावच्या अलीकडे, रसवंतीसमोर, गाडी गरम होऊन थांबली. रेडिएटरचा होज फाटला होता. तीनचारशे रुपयांत काम झाले. तोवर मायलेकांनी दोन-दोन ग्लास रस घेतला.